जुनी १५ फुटी फायबर बोट आणि ४० एचपी आउटबोर्ड: सातपूरच्या शेडपासून गंगापूर धरणापर्यंतच्या नोंदी

बोट उघडी, फायबरची, १५ फुटी. उजवीकडे स्टिअरिंग, मागे दोन बाक. इंजिन दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक, ४० एचपी, शॉर्ट शाफ्ट. बोटीचं वय पंचविशीच्या पुढे, त्यातली शेवटची सात वर्षं ताडपत्रीखाली. काम नाशिकच्या सातपूरमधल्या शेडमध्ये, फक्त रविवारी आणि सुटीला, एका मदतनिसासह. अंदाज होता सहा आठवडे आणि ४५,००० रुपये. दोन्ही आकडे चुकले. का चुकले ते त्या-त्या तारखेखाली आहे.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. तपासणी

आधी वजनकाटा. बोट ट्रेलरसकट काट्यावर घेतली, मग रिकामा ट्रेलर. इंजिन, बॅटरी, टाकी काढून नुसत्या बोटीचं वजन ४५० किलो भरलं. आतल्या जुन्या पाटीवर ३५० लिहिलंय. म्हणजे १०० किलो पाणी आत कुठेतरी मुरलेलं. जुनी बोट घ्यायला जाणाऱ्याने रंग, सीट, स्टिअरिंगचं चाक बघण्याआधी वजन करून घ्यावं. काट्याची पावती शे-दीडशे रुपयांत मिळते.

ट्रान्सम, म्हणजे इंजिन लटकतं तो मागचा उभा पाट. प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकत गेलो. वरच्या कडेला टणक आवाज, खालच्या अर्ध्या भागात भद्द. इंजिनचा खालचा पाय धरून वर-खाली हलवला तर ट्रान्समची वरची कड ८ मिमी हलली. चांगल्या बोटीत ही हालचाल डोळ्यांना दिसत नाही.

खात्रीसाठी आतल्या बाजूने ५ मिमीची सहा भोकं पाडली, पलीकडची कातडी, म्हणजे प्लायवरचा फायबरचा थर, न फोडता. वरच्या दोन भोकांतून कोरडा पिवळा किस आला. खालच्या चारांतून काळा चिखल, कुजक्या शेंगदाण्यासारखा वास. निकाल लागला.

१६ फेब्रुवारी. इंजिन उतरवलं, पाणी कुठून शिरलं ते सापडलं

चेन-पुलीने इंजिन उतरवलं. ट्रान्समला चार १२ मिमी बोल्ट. कधीतरी कोणीतरी ते साध्या सिलिकॉनने बसवले होते. सिलिकॉन बोटाने सोलून निघालं. खालच्या दोन भोकांतून पाणी ठिबकलं.

पण खरा गुन्हेगार ड्रेन प्लग. त्याची पितळी चकती तीन स्क्रूंनी थेट उघड्या प्लायमध्ये ठोकलेली होती. स्क्रूला सीलंट नाही आणि भोकाच्या आतली लाकडाची कड कोरीच. बोट पाण्यात असते तेव्हा ही जागा कायम बुडालेली. प्लाय कडेने पाणी ओढतं, वातीसारखं. वर फायबरचे दोन्ही थर शाबूत असले तरी आत वर्षानुवर्षं ही वात चालू होती. पुढच्या प्रत्येक कामात हाच प्रश्न आधी विचारायचा असं ठरलं: पाणी कुठून येतंय?

२ मार्च. आतली कातडी कापली आणि पहिली चूक

बाहेरचा जेलकोट (फायबरवरचा रंगीत, चकचकीत थर) चांगला होता म्हणून बाहेरची कातडी तशीच ठेवून आतून काम करायचं ठरवलं. चार इंची ग्राइंडरला कटिंग चकती लावून आतली कातडी चारही बाजूंनी ६० मिमी पट्टी सोडून कापली. ही पट्टी सोडणं महत्त्वाचं. नवीन फायबर तिच्यावर चढतं. प्लाय छिन्नीने काढायची गरजच पडली नाही, निम्मा भाग हाताने खरवडला गेला. वरचा चांगला भाग मात्र दीड तास झुंजला.

त्याच उत्साहात मागचा फ्लोअरही उघडला. फ्लोअरचं पॅनल चांगलं होतं, म्हणून ग्राइंडरने सलग चौकोन कापून बाजूला ठेवलं. खाली फोम. पिळला तर पाणी. शिवाय मध्येच कोणीतरी भरलेले थर्माकोलचे तुकडे. सगळा ओला माल पोत्यांत भरून मोजला: ७१ किलो.

चूक अशी की ट्रान्सम आणि फ्लोअर एकाच दिवशी उघडले आणि बोट ट्रेलरच्या रोलरवरच होती. संध्याकाळी वरच्या कडेची रुंदी मोजली तर सकाळपेक्षा ११ मिमी जास्त. आतला आधार गेला की जुनं हल (बोटीचं कवच) सैल पडतं, दोन्ही बाजू बाहेर झुकतात. याच अवस्थेत नवा ट्रान्सम बसवला असता तर बोट कायमची वाकडी झाली असती. तळाखाली दोन ठिकाणी लाकडी पाळणा ठोकला, वरून रॅचेट पट्टा आवळून रुंदी परत सकाळच्या मापावर आणली आणि दोन्ही कर्ण जुळवले; फरक ३ मिमीच्या आत. हे कापण्याआधी करायचं असतं.

९ ते १६ मार्च. वाळवणं, साचा, प्लाय

आठ दिवस पंखा लावून ठेवला. नाशिकच्या मार्चच्या हवेत हे काम फुकट होतं, मुंबईत महिना गेला असता. नंतर बाहेरच्या कातडीची आतली बाजू ४० नंबरच्या पॉलिश पेपरने घासली, चमक पूर्ण जाईपर्यंत. जुन्या फायबरवर नवीन फायबर रासायनिक रीतीने चिकटत नाही, फक्त खरखरीत पृष्ठभाग पकडून बसतं. चमक राहिली तिथे पापुद्रा सुटणार.

प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा मरीन. दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणून आयएस ३०३ दाखवतात. तो स्वयंपाकघराच्या कपाटाला ठीक. शिक्का बघा, शब्दावर जाऊ नका. एक शीट १८ मिमी (४,०००) आणि एक १२ मिमी (३,०४०). दोन थर मिळून ३० मिमी. बाहेरची कातडी ४.५, मधले चिकटवण्याचे थर २ आणि आतलं नवं फायबर साडेपाच-सहा धरून एकूण ४२-४३ मिमी. मूळ जाडी ४४ होती. एकच जाड शीट का नाही? मागचा पाट किंचित वक्र आहे, पातळ थर वळतात.

साचा खोक्याच्या पुठ्ठ्याचा. प्लाय सगळीकडून ५ मिमी लहान कापला. लाकूड घट्ट ठोकून बसवलं तर त्याची कड बाहेरून रेघ होऊन उमटते. ती फट पुट्टीने भरायची.

१९ ला रंगपंचमी. नाशकात त्या दिवशी रहाडीत उड्या पडतात, शेडमध्ये माणूस मिळत नाही.

२३ मार्च. सगळ्यात महागडा रविवार

दुपारी दोनला सुरुवात, तापमान ३७. बादलीत दीड किलो पॉलिस्टर रेझिन, २ टक्के हार्डनर. मदतनिसाने सवयीने कोबाल्टही (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रावण) घातलं. कॅनवर 'प्री-ॲक्सिलरेटेड' लिहिलेलं कोणी वाचलं नाही. म्हणजे कोबाल्ट आधीच होतं, आता दुप्पट झालं.

प्लायवर रेझिन लावून, ४५० ग्रॅमची मॅट (काचतंतूंची चटई) ओली करून, पाट आत सरकवेपर्यंत नववं मिनिट. पाट अर्धा आत असताना रेझिनचा जेली झाला. बादलीतून धूर. पाट वरून ४० मिमी बाहेर, खालून वाकडा, आणि तसाच दगड झाला. बादली शेडबाहेर वाळूत उलटी करावी लागली, तिचा तळ वितळला होता.

दुसऱ्या रविवारपर्यंत छिन्नी, ग्राइंडर आणि शिव्या. रेझिन, मॅट, पाट, चकत्या मिळून ३,९०० रुपये आणि दोन दिवस गेले. सुदैवाने शीटमधून दुसरा जोड निघाला.

कारणं तीन, त्यातली दोन उष्णतेची. रेझिन घट्ट होताना स्वतः गरम होतं. खोल बादलीत ती उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून अजून लवकर घट्ट होतं. पसरट ट्रेमध्ये तेच रेझिन दुप्पट वेळ देतं. दुसरं, हवेचं तापमान दहा अंशांनी वाढलं की वेळ ढोबळमानाने निम्म्यावर येतो. तिसरं कोबाल्ट.

कोबाल्टबद्दल एक गोष्ट ठळक: हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नये. भडका किंवा स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर शेवटी. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या फळीवर, मापाचे चमचेही वेगळे. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. साधा चष्मा नाही, बाजूने बंद असलेला गॉगल हवा.

३० मार्च. गुढीपाडवा, दुसरा प्रयत्न

पहाटे सहाला सुरुवात, तापमान २१. ४०० ग्रॅमचे घाणे, पसरट ट्रेमध्ये, १ टक्का हार्डनर, म्हणजे ४ ग्रॅम. हार्डनर पाण्यापेक्षा थोडा जड असल्याने मिलीच्या सिरिंजने साडेतीन घेतला तरी चालतो. आधी कागदी कपात ५० ग्रॅमची चाचणी: २६ मिनिटं. पुरेशी.

प्लायच्या सगळ्या कडांना आदल्या दिवशी दोन हात पातळ रेझिन पाजलेलं होतं. दोन्ही थरांत आणि कातडीवर ओली मॅट, मग पाट आत. इंजिनच्या बोल्टच्या चार जागांतूनच लांब बोल्ट घालून, बाहेरून लाकडी पट्टी ठेवून आवळलं. क्लॅम्प आत पोचत नाहीत, ही भोकं पुढे लागणारच असतात. कडेने चहूकडून थोडं-थोडं रेझिन बाहेर आलं पाहिजे. एका कोपऱ्यात आलं नाही, तिथे बोल्ट अर्धा फेरा अजून दिला.

कोपऱ्यात रेझिन, शंखजिरं आणि कापलेल्या काचतंतूंची पुट्टी, चमच्याच्या पाठीने १२ मिमी गोलाई. काटकोनात मॅट बसत नाही, मागे हवा राहते.

६ व १३ एप्रिल. थर

क्रम असा: मॅट, मॅट, विणलेलं रोव्हिंग (जाड काचतंतूंचं कापड, ६०० ग्रॅम), मॅट, रोव्हिंग, मॅट. रोव्हिंगवर रोव्हिंग थेट ठेवायचं नाही, मधली मॅट दोघांना धरते. बाजूंवर चढणारा भाग प्रत्येक थराला वाढवत नेला: ७५, १००, १२५, १५० मिमी. सगळे एकाच रेषेत संपले तर तिथेच तडा जातो.

क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर. मॅट २.९ किलो, रोव्हिंग १.९ किलो. मॅटला वजनाच्या सव्वादोन ते अडीचपट रेझिन लागतं, रोव्हिंगला जेवढ्यास तेवढं. सांडलवंड धरून १० किलो गेलं. जास्त रेझिन म्हणजे जास्त ताकद नव्हे. नुसतं रेझिन काचेसारखं तडकतं. लोखंडी रोलरने पांढरे ठिपके जाईपर्यंत फिरवा. दिवसाला तीन थर पुरे, सहाही एका दमात चढवले तर पुन्हा बादलीचीच गोष्ट.

२० एप्रिल. बोल्टची भोकं

क्रम चुकला तर इथे पंचाईत होते. वरचं सगळं पॉलिस्टरचं काम संपल्यावरच इपॉक्सी हातात घ्यायचं. पॉलिस्टरवर इपॉक्सी उत्तम बसतं, इपॉक्सीवर पॉलिस्टर धड बसत नाही.

प्रत्येक भोक १२ ऐवजी २० मिमीने पाडलं, खालून टेप लावून घट्ट इपॉक्सीने भरलं, दोन दिवसांनी मध्यातून १२ मिमी परत पाडलं. आता बोल्टच्या भोवती ४ मिमी इपॉक्सीची भिंत आहे. सीलंट हरलं तरी पाण्याला लाकूड भेटत नाही. ड्रेन प्लगच्या मोठ्या भोकाला आणि त्याच्या तीन बारीक स्क्रूंनाही हेच. सगळ्यांत मिळून अर्धा किलो इपॉक्सी.

२७ एप्रिल. फोम

थर्माकोल नको. रेझिनमधला स्टायरीन आणि पेट्रोल दोन्ही त्याला विरघळवतात. जुन्या तुकड्यांच्या जागी पोकळ्या पडल्या होत्या. निळ्या-गुलाबी एक्सपीएस शीटचीही जात तीच. दोन भागांचा पीयू फोम ओतला, एका वेळी अर्धा लिटर. एकदम ओतला की तो फ्लोअर उचलतो. तळाशी मध्यभागी अर्धा कापलेला ५० मिमी पीव्हीसी पाइप पालथा ठेवून पाण्याला मागे वाहायची वाट ठेवली. मूळ बोटीत ती नव्हतीच. फ्लोअरचं कापलेलं पॅनल परत बसवून सांध्यावर १०० मिमी रुंद तीन थर.

४ ते १८ मे. जेलकोट आणि अवकाळी

आतला जेलकोट लावला आणि तो चिकटच राहिला. पॉलिस्टरचा वरचा थर हवेतल्या ऑक्सिजनमुळे सुकत नाही. शेवटच्या हाताला मेणाचं द्रावण घालावं लागतं, मेण वर तरंगून हवा तोडतं. ते विसरलो. ॲसिटोनने पुसून, ८० नंबरने घासून, दुसरा हात मेणासकट. त्यातही मेमध्येच पाऊस उतरला, दुपारी चारनंतर शेडमध्ये दमट. कांदेवाल्यांचं त्या महिन्यात पावसाने जे नुकसान झालं त्यापुढे आमचा जेलकोट म्हणजे काहीच नाही. काम सकाळी दहाच्या आत उरकायला लागलो.

२५ मे ते १५ जून. इंजिन

दोन्ही प्लग काढून, त्यांच्या वायरी बॉडीला टेकवून (उघड्या ठेवल्या तर सीडीआय, म्हणजे ठिणगी देणारं इलेक्ट्रॉनिक युनिट, जळू शकतं), थ्रॉटल पूर्ण उघडून सहा झटके. दाबमापकावर वरचं सिलिंडर ११८ पीएसआय, खालचं ९४. दोघांत दहा टक्क्यांच्या वर फरक नको. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घातलं तर खालचं ११३ ला गेलं, म्हणजे गळती रिंगांतून. रिबोअरचा (सिलिंडर आतून कापून मोठं करण्याचा) सल्ला दोघांनी दिला. आधी स्वस्त उपाय केला: कार्बन काढायचा स्प्रे भोकातून, रात्रभर भिजत, दुसऱ्या दिवशी फ्लायव्हील फिरवून बाहेर, असं तीनदा. खाचेत अडकलेली रिंग सुटली. नंतर ११६ आणि १११. रिबोअरचे पैसे वाचले.

थर्मोस्टॅटच्या झाकणाचा एक ६ मिमी बोल्ट तुटला. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट वर्षानुवर्षं बसला की दोघांमध्ये पांढरा गंज धरतो. गरम करून, तेल सोडून, मग हळूहळू मागे-पुढे सोडवायचा असतो. सरळ पाना लावून ताकद लावली. तुकडा काढायला आठ तास आणि नाशिकच्याच अंबडला हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवून घ्यायला ६०० रुपये.

झाकण उघडल्यावर आत रबराचे तुकडे. पाण्याच्या पंपाचा इंपेलर (रबरी पात्यांचं चाक) काढला तर सहापैकी दोन पाती गायब. तुटलेली पाती शोधून जुळवल्याशिवाय नवीन इंपेलर बसवू नका; राहिलेला तुकडा पाण्याच्या वाटेत अडकून एक सिलिंडर तापवतो. दोन्ही पाती मिळाली. पंपाच्या स्टीलच्या वाटीला नखाला लागतील अशा खाचा. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याची करामत. वाटीसकट किट ४,६०० रुपये.

बसवताना: इंपेलरला साबणाचं पाणी, शाफ्ट उजवीकडे फिरवत दाबायचा म्हणजे पाती योग्य बाजूला वळतात. चावी (इंपेलर शाफ्टला अडकवणारा छोटा तुकडा) ग्रीसने चिकटवली नाही तर पडतेच. खालचा भाग चढवताना गिअर ज्या स्थितीत काढला त्याच स्थितीत हवा, आणि तांब्याची नळी रबरी बुशमध्ये गेली का ते टॉर्चने बघा. पहिल्यांदा ती बाजूला बसली होती, पुन्हा उतरवावं लागलं.

२०० लिटरच्या ड्रममध्ये चाचणी, पंखा (प्रोपेलर) काढून, पाणी कॅव्हिटेशन प्लेटच्या (पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या) वर. कोरडं इंजिन 'फक्त आवाज ऐकायला' सुरू करू नका, इंपेलर काही सेकंदांत जळतो. थंड करणाऱ्या पाण्याची मागची धार पंधराव्या सेकंदाला आली.

२२ जून ते १३ जुलै. गिअरकेस, दोनदा

गिअर ऑइल सोडलं तर चहासारखं दुधाळ. ऑइलच्या भोकातून १०० केपीए, म्हणजे साडेचौदा पीएसआय हवा भरून केस पाण्यात धरला. बुडबुडे पंख्याच्या शाफ्टमधून. पंखा आणि त्यामागचा वायसर काढला आणि कारण समोर: शाफ्टला तंगूस (मासेमारीचा नायलॉन धागा) गुंडाळलेलं, वितळून प्लॅस्टिकची बांगडी झालेली. धरणात मासेमारीची जाळी असतात, तुटलेलं तंगूस पाण्यात राहतं. ते गुंडाळतं, सीलच्या ओठाखाली शिरतं आणि तो कापतं. दर वीसेक तासांनी पंखा काढून बघणं हे दहा मिनिटांचं काम आहे.

दोन्ही सील बदलले, परत हवा भरली, परत बुडबुडे. एक रविवार तेच करत बसलो. मग नखाने शाफ्ट तपासला: जुन्या सीलच्या ओठाने खाच पाडलेली, नवा सील त्याच खाचेत बसत होता. नवा शाफ्ट महाग. सील १.५ मिमी बाहेरच्या बाजूला बसवले, ओठ कोऱ्या पृष्ठभागावर आला. दहा मिनिटं दाब टिकला. सील काढण्याआधी कोणत्या तोंडाने बसलेत त्याचा फोटो घ्या. ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरच्यातून आलं की आधी वरचा स्क्रू, मग खालचा, दोन्हींना नवे वायसर. वरून भरलं तर हवा अडकते आणि पातळी खोटी दिसते.

२० जुलै. पेट्रोल

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या होजचं आतलं अस्तर पापुद्रे होऊन कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसलं होतं, इंजिनच्या इंधनपंपाचा पडदा कडक. होज, हाताने दाबायचा रबरी बल्ब आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर ३,९००, कार्ब्युरेटर किट २,७००.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतं, आणि टाकीची नळी तळाशीच असते. टू-स्ट्रोकचं तेल मात्र वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. म्हणजे इंजिनला तेलाविना पाणी मिळतं आणि ते जाम होतं. म्हणून मिसळलेलं पेट्रोल त्या दिवसापुरतं. उरलेलं महिन्याभरात संपवायचं. ५० ला १, म्हणजे २४ लिटरच्या टाकीत ४८० मिली. तेल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं. स्कूटरचं टू-टी तेल हवेने थंड होणाऱ्या गरम इंजिनासाठी, इथे त्याची राख प्लगवर बसते.

३ ऑगस्ट. स्टिअरिंग केबल, ६,२०० पाण्यात

जुनी केबल गंजून जाम. बाहेरचं आवरण मोजलं, १४८ इंच, म्हणजे १२.३ फूट, म्हणून १३ फुटी मागवली. आखूड पडली. दुकानाने परत घेतली नाही. त्यांचंही बरोबर, पाकीट फोडलं होतं. चाकाशी गोल फिरणाऱ्या प्रकारात आवरणाच्या इंचांत १८ मिळवायचे, १२ ने भागायचं, वरच्या पूर्ण फुटाला न्यायचं. १४८ अधिक १८ म्हणजे १६६, भागिले १२ म्हणजे १३.८, म्हणजे १४ फुटी. ती ६,६०० ला. ज्या नळीतून केबल जाते ती आधी गोल तारेच्या ब्रशने साफ करून ग्रीस भरा, नाहीतर नवीनही वर्षात अडकेल.

१७ ऑगस्ट. वायरिंग

जुनी साधी तांब्याची वायर आवरणाखाली हातभर आतपर्यंत हिरवी. कथिलाचा मुलामा असलेली घातली. तळातलं पाणी काढायचा पंप फ्लोट स्विचमार्गे थेट बॅटरीवर, बॅटरीपासून एका वितीच्या आत फ्यूज. मेन स्विचमागे घेतला तर बोट बांधून घरी गेल्यावर पंप मेलेला. लाल दोरीचा किल स्विच (दोरी ओढली गेली की इंजिन बंद) तपासला, चालतो. बॅटरीसकट ७,४००.

५ ऑक्टोबर. इंजिन परत, आणि पाण्यात

दसऱ्याला पाने-हातोड्यांबरोबर इंजिनलाही झेंडू मिळाला. रविवारी चढवलं. भोकांची तोंडं थोडी निमुळती केली म्हणजे सीलंटची गोल कडी तयार होते. पीयू सीलंट. बोल्टचं डोकं धरून ठेवायचं आणि फक्त नट फिरवायचा, बोल्ट फिरला की सीलंट फाटतं. गोड्या पाण्याला ३०४ स्टील पुरतं, समुद्रावर नेणार असाल तर ३१६. कॅव्हिटेशन प्लेट तळाच्या रेषेत.

वजनकाट्यावर नुसती बोट ३८० किलो. यांत्रिक बोटीला २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नोंदणी लागते आणि धरणात उतरायला वेगळी परवानगी. हे कागद आधी झालेले होते. गंगापूरचं पाणी नाशिक शहर पितं, त्यामुळे तळात तेल शोषणारं कापड ठेवलं.

दोन तास नुसती बांधून ठेवली. तळ कोरडा. मग दोन माणसं, पूर्ण थ्रॉटल: ४,७०० आरपीएम, जीपीएसवर ताशी ३५ किमी, पण नाळ (बोटीचं पुढचं टोक) खाली येऊन बोट पाण्यावर चढायला ११ सेकंद. पंखा १३ पिचचा (हिशेबाने एका फेऱ्यात १३ इंच पुढे), बहुधा समुद्रसपाटीवरच्या हिशेबाने निवडलेला. नाशिक जवळपास ६०० मीटर उंचीवर, हवा विरळ, इंजिनची पाचसहा टक्के ताकद तिथेच जाते.

१२ ऑक्टोबर. पंखा

जुना पण सरळ ११ पिचचा पंखा मिळाला, ४,५००. एक इंच पिचला १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो. आता ५,१००, कमाल वेग ३६ आणि चढायला ६ सेकंद. गिअर २ ला १ असल्याने हिशेब सोपा: १३ पिचला घसरण (पिचच्या हिशेबापेक्षा कमी पडलेला वेग) पंचवीस टक्के होती, ११ ला पंधरा-सोळा. वेग जेमतेम वाढला, पण इंजिन कण्हत नाही.

खर्च आजवर ८२,२४०: फायबरचा माल १७,८००, प्लाय ७,०४०, फोम ६,५००, इंजिन-गिअर-पेट्रोल १४,२००, दोन केबल १२,८००, पंखा ४,५००, वायरिंग ७,४००, मदतनीस १२,०००. त्यातले १०,१०० निव्वळ वाया, २३ मार्च आणि ३ ऑगस्टचे.

२ नोव्हेंबर. नऊ तासांनंतर

गिअर ऑइल थेंबभर सोडून पाहिलं: स्वच्छ, चुंबकी स्क्रूवर राखाडी बुकटी, चालेल. पंख्यामागे पुन्हा हातभर तंगूस, काढलं. ट्रान्सम हलवून पाहिला, डायलवर ०.५ मिमीच्या आत. तळात मात्र पेलाभर पाणी होतं. खडूची पूड मारून शोधलं तर ड्रेन प्लगच्या ओ-रिंगमधून. रिंग जुनीच लावली होती. नवी २० रुपयांना. पुढच्या रविवारी परत खडू मारून बघायचं.